खिम्याचे गोळे, टोमॅटोचा सॉस आणि बुधवारची संध्याकाळ

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात:

‘आम्ही घरात पाच माणसे आहोत. मी नोकरी करते आणि संध्याकाळी साडेसहाला घरी पोहोचते. मुलगी १३ वर्षांची आहे, मुलगा ९ वर्षांचा. दोघांनी एका हॉटेलात टोमॅटो सॉसमधले मीटबॉल खाल्ले आणि तेव्हापासून ते घरी करावेत म्हणून माझ्यामागे लागले आहेत. गेल्या महिन्यात एका बुधवारी करून पाहिले. खिमा चाळणीत धुऊन घेतला, कच्चा कांदा किसून घातला, बेसन घालून गोळे वळले आणि उकळत्या सॉसमध्ये सोडले. निम्मे गोळे फुटले, उरलेले रबरासारखे चिवट झाले, सॉस आंबट झाला आणि पाने वाढायला साडेनऊ वाजले. सासूबाई म्हणाल्या, “हे आपले उंडेच की, मग टोमॅटोत कशाला बुडवलेस?” त्यांचे दात आता अधू झाले आहेत, त्यामुळे मटणाचे तुकडे त्या टाळतात. कामाच्या दिवशी तासाभरात हे नीट व्हावे, मुलांनी आवडीने खावे आणि सासूबाईंनाही खाता यावे, असे काही सुचवाल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण विचारता ते तासाभरात होते, आणि दात अधू झालेल्या माणसासाठी तर हा पदार्थ मटणाच्या रश्श्यापेक्षाही सोयीचा आहे. आपले त्या दिवशी जे बिघडले, त्यात आपल्या हाताचा दोष मला दिसत नाही. उंड्यांची रीत आपण या गोळ्यांना लावली, आणि कामांचा क्रम उलटा झाल्यामुळे वेळ गेला. या दोन गोष्टी सुधारल्या की बाकीचे आपोआप जमते. त्यामुळे केवळ प्रमाण न देता प्रत्येक पायरीचे कारणही लिहीत आहे.

सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो अगदी योग्य आहे. खिम्याचा गोळा करून तो पातळ कालवणात शिजवणे ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. परंतु आपल्या उंड्यांत आले-लसूण, खसखस आणि खोबऱ्याचे वाटण जाते, बांधणीसाठी डाळ्याचे पीठ किंवा बेसन पडते, आणि ते तिखट, तवंगाच्या रश्श्यात शिजतात. रश्श्याला मसाल्याचा जोर असतो, त्यामुळे उंडा थोडा घट्ट झाला तरी जेवणाऱ्याला ते जाणवत नाही. टोमॅटोच्या सॉसमध्ये मसाला जवळजवळ नसतोच. तेथे मांसाची चव आणि गोळ्याचा मऊपणा हेच सारे काही असते. म्हणून या गोळ्याची बांधणी पिठाने करायची नसते. दुधात भिजवलेल्या ब्रेडने करायची असते.

आता खिम्याकडे वळू. पाच माणसांना अर्धा किलो खिमा पुरतो. खाटकाकडे आधी बांधलेली पिशवी घेऊ नये. खांद्याकडचे मांस निवडून, त्यातली थोडी चरबी राखून, आपल्यासमोर खिमा करून घ्यावा. बोकडाचे मांस मुळातच कमी चरबीचे असते, आणि पूर्ण साफ केलेल्या मांसाचा गोळा शिजल्यावर कोरडा पडतो. अर्ध्या किलोत साधारण ५० ते ७५ ग्रॅम चरबी असावी असे सांगितले, तर नेहमीच्या खाटकाला ते बरोबर कळते. यंत्रातून खिमा दोनदा काढून घेतला म्हणजे सासूबाईंना शिरा किंवा पडदे दातांखाली येणार नाहीत.

खिमा धुवायचा नाही, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे मांस धुतल्यावाचून मनाला बरे वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. पण खिम्याचा प्रत्येक कण पाणी धरून ठेवतो, आणि तेच पाणी पुढे गोळा फोडते; आपले निम्मे गोळे फुटले त्याचे पहिले कारण हेच असावे. शिवाय धुतल्याने जंतू जात नाहीत, ते शिजवल्याने मरतात. धुताना मात्र पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. मन मानतच नसेल, तर खाटकाला मांसाचा अखंड तुकडा धुऊन, कोरडा पुसून, मग त्याचा खिमा करायला सांगावे. आणि खिमा घेतला की थेट घरी यावे. मांसाच्या तुकड्यावर जे जंतू केवळ वरच्या बाजूस असतात ते खिमा करताना सगळीकडे मिसळतात, त्यामुळे खिमा तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. एप्रिल-मे महिन्यांत तर तो तासभरही बाहेर राहू देऊ नये. घरी येताच फ्रिजमध्ये ठेवावा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरावा.

आपला सर्वांत जास्त वेळ कोठे गेला असेल, तर आधी गोळे करून मग सॉसला हात घालण्यात. सॉसला विस्तवावर पंचवीस मिनिटे लागतात आणि त्या वेळात त्याला आपली फारशी गरज नसते. म्हणून तो सर्वांत आधी चढवावा आणि तो आटत असताना गोळ्यांचे काम करावे. घरी पोहोचल्यावर हातपाय धुऊन पावणेसातला सुरुवात केली, तर सातच्या सुमारास सॉस गॅसवर असतो, सव्वासातपर्यंत गोळे वळून होतात, साडेसातला ते परतून सॉसमध्ये पडतात आणि पावणेआठला पाने घेता येतात.

सॉससाठी एक किलो पूर्ण पिकलेले, आतपर्यंत लाल झालेले टोमॅटो लागतात. कपिलतीर्थ मंडईत दोन तऱ्हेचे टोमॅटो ठेवलेले असतात. त्यातील गोल, पातळ सालीचे गावरान टोमॅटो कोशिंबिरीला आणि सारासाठी उत्तम, पण ते आंबट आणि पाणीदार असतात. लांबट, जाड गराचे टोमॅटो सॉससाठी अधिक बरे, कारण त्यांत बिया आणि पाणी कमी असते. इटलीतही सॉससाठी लांबट जातीच वापरतात, त्याचे कारण हेच. घरी आणलेले टोमॅटो कच्चट असतील, तर फ्रिजमध्ये न ठेवता दोन दिवस टोपलीत बाहेर ठेवावेत. बुधवारचा बेत असेल, तर टोमॅटो रविवारी किंवा सोमवारी आणावेत. टोमॅटो फारच महाग किंवा बेचव झालेले असतील, तेव्हा बाजारात मिळणारी टोमॅटोची तयार प्युरी वापरण्यात मला काहीच गैर वाटत नाही.

टोमॅटो उकडून, साली काढून, मिक्सरमधून काढण्याच्या खटाटोपात अर्धा तास जातो. त्याऐवजी टोमॅटो आडवा चिरून त्याचे दोन भाग करावेत आणि कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर घासावी. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. एक किलोला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि १३ वर्षांच्या मुलीला हे काम सहज जमते. बियांभोवतीचा गर आंबट म्हणून फेकून देऊ नये. टोमॅटोची जी खास रुचकर, जिभेवर रेंगाळणारी चव आहे, ती देणारे ग्लुटामेट त्या गरातच सर्वांत जास्त असते.

भांडे पसरट आणि स्टीलचे घ्यावे. कुकर घेतला तर काम लवकर होईल असे वाटते, पण कुकरमध्ये वाफ कोंडली जाते आणि सॉस आटत नाही. शिट्ट्या झाल्यावर तो पुन्हा उघडा ठेवून आटवावाच लागतो. पसरट भांड्यात पाणी लवकर उडते. बिडाची किंवा लोखंडाची कढई मात्र येथे नको. मी एकदा घरच्या जुन्या बिडाच्या कढईत हा सॉस अर्धा तास उकळला होता. टोमॅटोच्या आम्लात लोखंड उतरले, सॉस काळपट झाला आणि त्याला लोखंडाचा असा वास आला की मुलांनी ताट बाजूला सारले. ॲल्युमिनियमचे पातेलेही याच कारणाने टाळावे.

भांड्यात तीन मोठे चमचे तेल आणि एक चमचा लोणी घालून दोन मोठे कांदे, अगदी बारीक चिरलेले, चिमूटभर मिठाबरोबर मंद आचेवर परतावेत. कांदा पूर्ण मऊ आणि पारदर्शक झाल्याशिवाय टोमॅटो घालू नये, कारण आम्लात कांदा मऊ होणे थांबते. घाई केली तर पुढे कितीही उकळले तरी तो दातांखाली कचकचतो. सहा-सात मिनिटांत कांदा तयार होतो. त्यातला साधारण एक तृतीयांश एका ताटलीत पसरून गार करत ठेवावा. तो गोळ्यांत जाईल. आपण किसलेला कच्चा कांदा घातला होता, त्याचे पाणी गोळ्यात उतरले आणि तेथेही गोळा सैल झाला. परतलेल्या कांद्याचे पाणी उडालेले असते आणि त्याला गोडी आलेली असते. एकाच परतण्यात दोन्ही कामे होतात, हा या क्रमाचा मोठा फायदा.

उरलेल्या कांद्यात लसणाच्या सात-आठ ठेचलेल्या पाकळ्या घालून अर्धा मिनिट परतावे. लसूण तांबूस होऊ देऊ नये, नाहीतर कडवटपणा सॉसभर उतरतो. मग टोमॅटोचा गर आणि एक लहान चमचा मीठ घालावे, आच मध्यम ठेवावी, झाकण ठेवू नये, आणि अधूनमधून तळ तेवढा हलवावा. टोमॅटोचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे येतो ते तेलात उतरते. सॉस शिजल्याची खूणही तीच आहे. कडेने तांबूस तेल सुटू लागले, चमचा तळावरून ओढल्यावर मागे क्षणभर वाट उमटू लागली, की सॉस झाला.

आंबटपणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली मुख्य तक्रार तीच होती. अर्धवट पिकलेले टोमॅटो आणि अपुरे आटणे ही त्याची दोन कारणे असतात. दोन्हींची काळजी घेऊनही सॉस आंबट लागला, तर चिंचोक्याएवढा गूळ घालावा, ढवळावा, आणि दोन मिनिटांनी चव घेऊन मगच आणखी घालावा. इटालियन स्वयंपाकात यासाठी साखर किंवा गाजर घालतात. पण ज्या कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो आपल्या डब्यात असताना साखर कशाला शोधायची? गुळाची खमंग गोडी टोमॅटोला साखरेपेक्षा अधिक शोभते, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटी चमचाभर लोणी घातले तरी आंबटपणाची धार बोथट होते. खाण्याचा सोडा घालायचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये; त्याने आम्ल मरते, पण टोमॅटोची चवही मरते.

सॉस आटत असताना गोळ्यांकडे यावे. मिसळीबरोबर आणलेल्या स्लाइस ब्रेडचे दोन-तीन काप आपल्या घरी कधी ना कधी उरतातच. त्यांतले दोन घ्यावेत. एक दिवसाचे शिळे असतील तर अधिक चांगले. कडा काढून, तुकडे करून, पाव वाटी दुधात पाच मिनिटे भिजवावेत आणि बोटांनी कुस्करून त्यांचा लगदा करावा. दूध म्हशीचे, सायीसकट असेल तर उत्तम. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला हे वेगळे सांगायला नको. हा लगदा गोळ्याच्या आत ओलावा धरून ठेवतो आणि मांसाचे कण एकमेकांना फार घट्ट चिकटू देत नाही. शिजताना मांस आक्रसते आणि आतला रस बाहेर ढकलते, तेव्हा तो रस हा ब्रेड शोषून घेतो. बेसन याच्या उलट वागते. ते ओलावा ओढून घट्ट बसते. आपल्या गोळ्यांना रबरासारखा चिवटपणा आला, त्यात बेसनाचा वाटा मोठा होता.

परातीत खिमा घेऊन त्यावर एक सपाट लहान चमचा मीठ घालावे आणि साधारण एक मिनिट हाताने मळावे. मिठामुळे मांसातील मायोसिन नावाचे प्रथिन विरघळून चिकट होते. खिमा बोटांना चिकटू लागला की समजावे, गोळा आता फुटणार नाही. त्यानंतर ब्रेडचा लगदा, गार झालेला कांदा, एक अंडे, लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या, अर्धा चमचा मिरपूड आणि मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर घालून सारे हलक्या हाताने, जेमतेम एकजीव होईपर्यंत मिसळावे. मीठ घालून मळणे एक मिनिट. लगदा घातल्यावर मात्र मळायचे नाही. येथे कणकेसारखे तिंबले की गोळा पुन्हा घट्ट होतो. खिमा शेवटपर्यंत थंड असावा, म्हणून कांदा गरम असताना घालू नये. चरबी वितळली तर मिश्रण सुटते.

सुगंधी पानांविषयी मुले विचारतील, कारण हॉटेलातल्या पदार्थाला एक विशिष्ट वास असतो. तो बहुधा ओरेगानोचा असतो, आणि पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या घरात पडून असतील तर त्यांतील एक पुरे. पुडी नसेल, तर गच्चीतल्या कुंडीत असलेल्या पानओव्याची दोन पाने बारीक चिरून सॉसमध्ये घालावीत. ओरेगानो आणि पानओवा या दोन्हींत कार्व्हाक्रोल हे सुगंधी द्रव्य असते, त्यामुळे वास बराच जवळचा येतो. इटालियन बेसिल म्हणजे आपली तुळस असे समजून अनेक जण गोंधळतात. ती निराळी जात आहे. उन्हाळ्यात आपण ज्याचे बी भिजवून सरबतात घालतो, तो सब्जा बेसिलच्या जातीचा आहे. अंगणातली तुळस मटणात घालणे सासूबाईंनाही रुचणार नाही आणि चवीलाही ते जुळत नाही.

गोळे लहान लिंबाएवढे, साधारण पंचवीस ग्रॅमचे करावेत. वरील प्रमाणात सव्वीस-सत्तावीस गोळे होतात. हॉटेलात मोठे गोळे देतात, पण मोठा गोळा आतपर्यंत शिजायला दुप्पट वेळ घेतो आणि तोवर बाहेरून कोरडा होतो. शिवाय लहान गोळा सासूबाईंना चमच्याने सहज मोडता येईल. हात पाण्याने ओले करून वळावेत. हे काम मी आपल्या जागी असतो तर सासूबाईंकडेच दिले असते. ज्यांनी वर्षानुवर्षे उंडे वळले आहेत, त्यांच्या हाताला किती दाब द्यायचा ते सांगावे लागत नाही, आणि टेबलाशी बसून होणारे ते काम आहे. तेवढ्यात आपण तवा तापत ठेवू शकता.

सगळे गोळे वळण्याआधी सुपारीएवढा एक गोळा तव्यावर पूर्ण शिजवून त्याची चव घ्यावी. कच्च्या खिम्याची चव कोणीही घेऊ नये, आणि मीठ कमी आहे हे वाढताना कळून उपयोग नसतो.

पसरट तव्यात दोन चमचे तेल चांगले तापवून गोळे दोन वेळा विभागून परतावेत. एकदम सगळे टाकले तर तवा थंड पडतो, गोळ्यांतून पाणी सुटते आणि ते खरपूस होण्याऐवजी वाफेवर करडे होतात. मांसाला तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येण्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. पाणी असेपर्यंत तो शंभराच्या वर जातच नाही. गोळा टाकल्यावर दोन मिनिटे त्याला हात लावू नये. खालची बाजू भाजली की तो स्वतःहून तवा सोडतो. आधी उचकटले तर मोडतो. दोन-तीन बाजूंनी रंग आला की पुरे, आत तो कच्चाच असणार आणि सॉसमध्ये शिजणार. पूर्ण तेलात तळण्याची गरज नाही. त्याने कडक कवच येते आणि सॉस आत मुरत नाही. गोळे काढल्यावर तव्यात दोन पळ्या सॉस घालून तळाला चिकटलेला खरपूस थर उलथन्याने सोडवून घ्यावा आणि तो पुन्हा भांड्यात ओतावा. या थरात इतकी चव असते की तो धुण्यात गेला, तर मला खरोखर वाईट वाटते.

परतलेले गोळे सॉसमध्ये अलगद ठेवावेत, आच मंद करावी, अर्धवट झाकण ठेवावे आणि बारा ते पंधरा मिनिटे शिजू द्यावेत. सॉसला खळखळून उकळी फुटता कामा नये. मधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतकेच. पळीने ढवळू नये, भांडे दोन्ही हातांनी धरून हलवावे. सॉस फार घट्ट वाटला तर अर्धी वाटी गरम पाणी घालावे. गोळा शिजला का, हे पाहण्यासाठी एक मधोमध मोडावा: आत कोठेही गुलाबी छटा नसावी आणि सुटणारा रस स्वच्छ असावा. घरी स्वयंपाकाचा तापमापक असेल, तर मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस भरले पाहिजेत. मटणाऐवजी कोंबडीचा खिमा वापरला तर हा आकडा ७४ धरावा, आणि तो खिमा अधिक ओला असल्यामुळे ब्रेडचा एक काप वाढवून दूध निम्मे करावे.

कशाबरोबर वाढावे, हे आपण विचारलेले नाही, पण सासूबाईंच्या ताटाचा प्रश्न तेथेच सुटतो. गोळे म्हणजे स्पॅगेटी हवीच, अशी मुलांची समजूत असेल. ही जोडी अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन लोकांनी रूढ केली. खुद्द इटलीत असे गोळे बहुधा वेगळे, ब्रेडबरोबर खाल्ले जातात. म्हणून ज्वारीच्या भाकरीबरोबर, चपातीबरोबर किंवा पावाबरोबर वाढण्यात काहीही कमी-जास्त नाही. मुलांना पास्ता हवा असेल, तर दोघांना मिळून दीडशे ग्रॅम पुरे. दीड लिटर उकळत्या पाण्यात तीन लहान चमचे मीठ घालून तो शिजवावा आणि निथळण्याआधी त्यातले अर्धी वाटी पाणी सॉससाठी राखून ठेवावे, कारण त्यातील पिठाळपणामुळे सॉस पास्त्याला धरतो.

सासूबाईंसाठी मी थोडे वेगळे सुचवतो. गोळे शिजल्यावर दोन-तीन पळ्या सॉस एका लहान पातेल्यात काढावा, त्यात वाटीभर गरम पाणी घालून एक उकळी आणावी आणि वरून चमचाभर तेलात पाव चमचा कांदा-लसूण चटणी परतून ती फोडणी ओतावी. चटणी जळू नये म्हणून गॅस बंद करून मगच ती तेलात घालावी. त्यांचे चार-पाच गोळे या पातळ सॉसमध्ये सोडले, की त्यात भाकरी कुस्करून खाता येते, आणि त्यांना रश्श्याची ओळखीची चवही मिळते. सगळ्याच सॉसमध्ये चटणी घालण्याचा मोह मात्र आवरावा. मुलांना जो पदार्थ हवा आहे त्याचा गोडसर, सौम्य स्वभाव चटणीने पुसला जातो, आणि मग सासूबाईंचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो की हे उंडेच नव्हेत का.

वाढताना पाने गरम असावीत. बोकडाची चरबी थंड होताच लवकर गोठते आणि टाळूला चिकटते, त्यामुळे हा पदार्थ गार खाण्यात मजा नाही. पाने वाढून कोणाची वाट पाहण्यापेक्षा सगळे बसल्यावर भांडेच मध्ये आणून ठेवावे.

एखाद्या रविवारी निवांत वेळ असेल, तर एक किलो खिम्याचे गोळे करून निम्मे पुढच्यासाठी ठेवता येतात. ते एक तर कच्चेच ताटलीत सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भरावेत, नाहीतर पूर्ण शिजवून, गार करून सॉससकट गोठवावेत. नुसते वरून परतून, आत कच्चे ठेवून साठवू नयेत. अर्धवट गरम झालेल्या मांसात जंतू वेगाने वाढतात. गोठवलेले कच्चे गोळे आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवले, तर बुधवारी आपल्याला केवळ सॉस करावा लागेल आणि वीस मिनिटे वाचतील. सॉस तर एकटाही दोन-तीन महिने चांगला गोठून राहतो, आणि श्रावणात किंवा वाराच्या दिवशी त्यात पनीर किंवा उकडलेले मटार-बटाटे घालता येतात.

रात्री उरलेले गोळे जेवण झाल्यावर बाहेर न ठेवता लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी सॉस चांगला मुरलेला असतो. सकाळी वाफ येईपर्यंत नीट गरम करून, पाव मध्ये चिरून, त्यात दोन गोळे थोडे दाबून बसवले आणि वर चमचाभर घट्ट सॉस घातला, तर आपल्या डब्याचीही सोय होते. मुलांच्या डब्यात मात्र हे देऊ नये, कारण मधल्या सुट्टीपर्यंत ते चार तास तसेच राहते. त्यांच्यासाठी दोन गोळे संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्येच राखून ठेवावेत.